आवड ओळखा आणि मोकळे व्हा!

दहावीचा निकाल लागला की तालुक्यातालुक्यांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. मंगल कार्यालय घेतलेलं असतं, मागे ‘दहावीनंतर पुढे काय?’ असा फ्लेक्स असतो आणि त्यावर प्रश्नचिन्हापेक्षा आमदारांचा फोटो मोठा असतो. आधी गुणवंतांचा सत्कार, मग पाहुण्यांचा, मग ज्यांनी सत्कार घडवून आणले त्यांचा. उरलेल्या पाऊण तासात मार्गदर्शन.

त्या मार्गदर्शनाचा मजकूर एव्हाना श्रोत्यांनाही पाठ झालेला आहे. आजची मुलं गोंधळलेली आहेत, कारण त्यांनी स्वतःला ओळखलेलं नाही. आईवडील आपली अपुरी स्वप्नं त्यांच्यावर लादतात. तेव्हा मुलाची आवड शोधा, हवं तर चाचणी करून घ्या. आवड सापडली की मेहनत आपोआप होते, मेहनत झाली की यश येतं आणि यशामागून पैसा येतो. कोणतीच शाखा श्रेष्ठ नाही, कोणतीच कनिष्ठ नाही. आणि जग तर इतकं झपाट्यानं बदलतंय की आजच्या नोकऱ्या उद्या नसणारच आहेत. टाळ्या, आभारप्रदर्शन, वडापाव.

यातलं एकही वाक्य कानाला टोचत नाही. म्हणूनच कुणी ते तपासायला जात नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळांची स्नेहसंमेलनं, समाजमंडळांचे मेळावे, सगळीकडे हेच चालू आहे. माझं म्हणणं असं की ही मांडणी अपुरी नाही, चुकीची आहे. आणि तिचा फटका नेमका त्या मुलांना बसतो, ज्यांच्या घरात विचारायला दुसरं कुणी नाही. एकेक वाक्य घेऊन बघू.

पहिलं वाक्य: मुलं गोंधळलेली आहेत. कशावरून? पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तुला काय व्हायचंय?’ विचारलं आणि ती गप्प राहिली, एवढ्यावरून? तिला आजवर काय सांगितलंय, ते आधी विचारा. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका केली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तिला ठाऊक आहे? आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता असतो, हे? राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा, हे? पाच वर्षांच्या लॉला आणि सीएच्या फाउंडेशनला बारावीची कोणतीही शाखा चालते, हे? गोंधळ उडायला डोळ्यांसमोर दोन-चार वाटा तरी दिसाव्या लागतात. या मुलीला एकच दिसते: मैत्रिणी जातील त्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी. ती गोंधळलेली नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. गोंधळलेल्याला समुपदेशन लागतं, न सांगितलेल्याला माहिती लागते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन गुण येत नाही.

मग हे निदान इतकं लोकप्रिय का? कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. दोष मुलाच्या मनात आहे असं एकदा ठरलं की शाळेनं काय सांगितलं नाही, शिक्षण खात्यानं काय पुरवलं नाही, असले प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरं वाक्य: आवड शोधा, चाचणी घ्या. राज्याच्या शिक्षण विभागानं २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली. वाणिज्य, ललित कला, कृषी, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे, ते त्यात सांगितलं जाई. समजा, एका मुलाच्या अहवालात ‘गणवेशधारी सेवा’ सगळ्यांत वर आली. पुढे? पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागतं, वय अठरा पूर्ण लागतं आणि पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर लागते, हे त्याला कोण सांगणार? एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, कला शाखेतून फक्त भूदलाचा दरवाजा उघडा राहतो, हे कोण सांगणार? कल कळला, पण त्या कलाचं करायचं काय ते कळलं नाही. वर अहवाल हाती पडल्यामुळे मार्गदर्शन झालं असं सगळ्यांनी धरून चालायचं.

आणि आवड येते कुठून? अक्कलकुव्यातल्या किंवा जतमधल्या मुलानं आजवर पोलीस पाहिलाय, मास्तर पाहिलेत, तलाठी, डॉक्टर, ड्रायव्हर पाहिलाय. सीएनसी मशीन पाहिलेलं नाही, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ पाहिलेला नाही, न्यायालयातला स्टेनो पाहिलेला नाही. त्याला ‘तुला काय आवडतं?’ असं विचारणं म्हणजे फक्त भाकरी खाल्लेल्या माणसाला जगातल्या पक्वान्नांची क्रमवारी लावायला सांगणं. जे पाहिलंय त्यातूनच तो निवडणार. चाचणी त्याची आवड मोजत नाही, त्यानं किती जग पाहिलंय ते मोजते; आणि त्याच्या वाट्याला आलेलं तोकडं जग ‘कल’ म्हणून शिक्का मारून त्यालाच परत देते.

पॉल ओ’कीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर याच्याही पुढे जातो. आवड आपल्यात आधीपासून असते, ती फक्त शोधायची असते, असं मानणारे विद्यार्थी नव्या विषयात जरा कठीण भाग आला की लवकर मागे हटतात. आवड हळूहळू घडते असं मानणारे टिकून राहतात. म्हणजे ‘तुझी आवड शोध’ हा उपदेश नुसता निरुपयोगी नाही, तो मुलांना पहिल्याच अवघड धड्याला ‘ही माझी आवड नव्हतीच’ म्हणायची सोय करून देतो.

चाचण्यांच्या या बाजारात एक शाखा तर अशी निघालीय की हसावं का रडावं कळत नाही. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि काही हजार रुपयांत त्याची जन्मजात बुद्धिमत्ता, योग्य शाखा, योग्य करिअर रंगीत आलेखांसह सांगायचं. नाव भारदस्त: डीएमआयटी. भारतीय मानसोपचार संघटनेनं ती अशास्त्रीय ठरवलेली आहे. ज्यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या १९८३ सालच्या मांडणीचा आधार तिच्या जाहिरातीत घेतला जातो, त्या हॉवर्ड गार्डनर यांनीही तिला मान्यता नाकारली आहे. तरी शाळांच्या सभागृहांत तिची शिबिरं भरतात. हात बघून भविष्य सांगणारा निदान रस्त्याच्या कडेला बसतो आणि शाळेचं लेटरहेड वापरत नाही.

प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं घेतलेली, नीट प्रमाणित केलेली चाचणी एखाद्या मुलाला उपयोगी पडते, एवढं मी मान्य करतो. पण ती बाकी सगळं सांगून झाल्यावर. इथे बाकी सगळं गाळून नुसती चाचणी उरली आहे.

गंमत अशी की या विद्येच्या मूळ पुरुषानं असं कधी म्हटलंच नव्हतं. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. स्थलांतरितांची, कामकऱ्यांची मुलं त्यांच्यासमोर होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: स्वतःची नीट ओळख, निरनिराळ्या कामांच्या अटी, मोबदला, संधी आणि तोटे यांची माहिती, आणि या दोहोंची सांगड घालणारा विचार. आपल्या मार्गदर्शकांनी तीनपैकी पहिली तेवढी उचलली. दुसरीला मेहनत लागते, दरवर्षी नवी माहिती गोळा करावी लागते, म्हणून ती सोडली. आणि दुसरीच नसेल तर तिसरी होणार कशाची?

तिसरं वाक्य: आईबाप ओझं लादतात. हे वाक्य आलं की सभागृहातले आईबाप माना खाली घालतात. का घालावी त्यांनी मान? ‘सायन्स घे, पुढे दारं उघडी राहतात’ असं म्हणणारा बाप मार्गदर्शकांच्या दृष्टीनं मागासलेला. पण प्रवेशाचे नियम काढून बघा. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला पुढे बीए करता येतं, बीकॉम करता येतं, लॉ करता येतं, सीए करता येतं, एमपीएससी देता येते. कला शाखेतून बारावी झालेल्याला अभियांत्रिकी नाही, वैद्यकीय नाही, बी. फार्म. नाही. कला शाखेच्या मुलीला जीएनएम नर्सिंग करता येतं, बीएस्सी नर्सिंग करता येत नाही. हा फरक त्या बापानं कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. पुतण्याचं, मेहुण्याच्या पोराचं काय झालं ते बघून तो शिकलाय. आता सांगा, अडाणी कोण? सायन्सच घ्यावं असं मी म्हणत नाही. बापाचा सल्ला हट्ट नसून हिशेब आहे, एवढंच म्हणतोय. त्याचा हिशेब चुकत असेल तर आकडे देऊन दुरुस्त करा. ‘अपुरी स्वप्नं’ म्हणून त्याची टर का उडवता?

आणि ओझं म्हणाल तर ज्या घरात वर्षाचं उत्पन्न लाखा-दीड लाखाच्या आत आहे तिथे फी, वसतिगृह आणि एसटीचं भाडं हा करिअरचाच भाग असतो. आवडीच्या व्याख्यानात फीचा उल्लेख निघतो का कधी? २०२४ साली राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की सवलत गेली. हे एक वाक्य एखाद्या शेतकऱ्याचं कर्ज वाचवतं. आवडीवरची शंभर वाक्यं काय वाचवतात?

चौथं वाक्य: कोणतीच शाखा, कोणतंच काम कमी नाही. व्यासपीठावर म्हणायला छान. त्याच व्यासपीठावर कोण बसलंय बघा: एक अधिकारी, एक डॉक्टर, राज्यात पहिली आलेली एक मुलगी आणि क्लासचे संचालक. टूलरूममधला फोरमन कधी बोलावलात? आयटीआयचा निदेशक? स्वतःचं गॅरेज काढून चार पोरं कामाला ठेवणारा मेकॅनिक? सगळी कामं सारखी असतील तर खुर्च्या सारख्या का नाहीत? शिवाय हे वाक्य खोटंही आहे. कामं सारखी नसतात. कुठे पगार लवकर सुरू होतो, कुठे दहा वर्षं थांबावं लागतं, कुठे पाठ मोडते, कुठे बदल्या होतात, कुठे लाखात एकाची निवड होते. मुलाला हे खरंखुरं सांगणं म्हणजे मार्गदर्शन. सगळं सारखंच म्हटलं की निवडायचं काही उरत नाही आणि मार्गदर्शकही कामातून सुटतो.

क्लासचे संचालक तिथे का असतात, हेही विचारायला हवं. मार्गदर्शन फुकट असतं, पण बाहेर टेबलावर ‘इंटिग्रेटेड’ अकरावी-बारावीचे अर्ज ठेवलेले असतात. कॉलेजात नाव, क्लासात अभ्यास, दोन्हीकडे पैसे. तुमच्या मुलीचा कल कुठे आहे, हे सांगणाऱ्याचाच कल कुठे आहे ते आधी पाहावं.

पाचवं वाक्य: जग बदलतंय, आजच्या नोकऱ्या उद्या नसतील. याच्या जोडीला एक आकडा हमखास येतो: आज शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलं अजून अस्तित्वातच नसलेल्या नोकऱ्या करतील. जागतिक आर्थिक मंचाच्या २०१६ सालच्या अहवालात तो होता, तेव्हापासून जगभर फिरतोय. त्याचं मूळ शोधायला गेलेल्यांच्या हाती ठोस अभ्यास लागलेला नाही. पण क्षणभर खरा धरू. मग त्या मुलानं करायचं काय? नसलेल्या नोकरीची तयारी? जग बदलतंय हे खरंच आहे. त्यामुळे माहितीची गरज वाढते. ‘काहीच सांगता येत नाही’ असं म्हणायला मार्गदर्शक कशाला हवा? वायरिंग जळायची थांबलेली नाही, आजारी माणसाला सुई टोचायची थांबलेली नाही, बांधकामाचा नकाशा वाचायची गरज संपलेली नाही. उद्याच्या धुक्याकडे बोट दाखवून आजचा रस्ता न सांगणं, याला दूरदृष्टी म्हणायचं?

आता जे या व्याख्यानांत कधीच येत नाही त्याकडे वळतो, कारण खरी मुलं तिथेच हरतात. तारखा आणि कागद. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावी झालेल्या मुलांना निवडून दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. तिथला अर्ज आणि लेखी परीक्षा दहावीच्या निकालाआधीच उरकलेली असते. मग निकालानंतरच्या मेळाव्यात ‘देशसेवेची आवड जोपासा’ सांगून काय उपयोग? एनएमएमएस शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये देते, नववी ते बारावी. परीक्षा आठवीत असते. दहावीनंतर ‘पुढे काय?’ विचारणाऱ्यांना त्याचा पत्ता तरी असतो का?

कागदांची तर वेगळीच कथा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेअर, जातवैधता. यातला एक नसला की आवड, कल, बुद्धिमत्ता सगळं खिडकीच्या अलीकडेच राहतं. मुलाची आवड अभियांत्रिकीत आहे हे कळून दोन वर्षं झाली आणि पडताळणी समितीकडे अर्ज मात्र प्रवेशाच्या महिन्यात केला, असे पालक दर तालुक्यात भेटतात. त्यांना आधी कुणी सांगायचं होतं?

२०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश नाकारला, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणजे पसंतीक्रम भरणं हाच मुलाच्या आयुष्यातला पहिला मोठा करिअरचा निर्णय. तो कोण भरतं? सायबर कॅफेतला पोरगा. त्याच्यासमोर रांग असते, सर्व्हर बसलेला असतो, आणि तो विचारतो, “काका, दुसरं कॉलेज कुठलं टाकू?” महाराष्ट्रातला सगळ्यांत व्यग्र करिअर समुपदेशक हाच आहे, आणि त्याला कुणी कधी शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

‘पण माहिती तर सगळी मोबाईलवर असते,’ असं म्हणणारे असतात. असते. तिथेच बोटांच्या ठशांची जाहिरातही असते, क्लासची रीलही असते आणि मागच्या वर्षीचं रद्द झालेलं वेळापत्रकही असतं. ज्याला काय शोधायचं तेच ठाऊक नाही, त्याला शोधयंत्र काय देणार? ‘टीएफडब्ल्यूएस’ ही अक्षरं ज्यानं कधी ऐकलेली नाहीत, तो ती टाइप करणार कशी? गुणवत्तेवर शुल्कमाफीची जागा मिळू शकते, हे आधी एका माणसानं त्याला तोंडानं सांगावं लागतं. त्यानंतर मोबाईल उपयोगी.

आणि हा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न नवा नाही. मुदलियार आयोगानं १९५२-५३ मध्येच माध्यमिक शाळांतल्या मार्गदर्शनाचा आग्रह धरला. १९६४-६६च्या कोठारी आयोगानं किमान व्यवस्था म्हणून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला. दहांमागे एक! साठ वर्षं होत आली. तुमच्या तालुक्यातल्या किती शाळांत असा माणूस फिरताना दिसतो? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीतल्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला ठेवले. कल्पना उत्तम. त्या दहा दिवसांत कुणी मुलांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, बँकेत, दिवाणी न्यायालयात, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन आणलं, तर ‘आवड’ नावाची गोष्ट घडायला निदान सुरुवात होईल. की तेही दिवस चित्रकला स्पर्धेत आणि वृक्षारोपणाच्या फोटोत जाणार?

म्हणून स्पष्ट बोलतो. मार्गदर्शन निकालानंतर होत नाही, ते आठवीत सुरू होतं. ते व्यासपीठावरून होत नाही. दर शाळेत एक शिक्षक त्यासाठी तयार केलेला हवा, त्याच्या वेळापत्रकात त्याचे तास हवेत आणि त्याच्या हातात दरवर्षी ताजी होणारी यादी हवी. आपल्या तालुक्यापासून एसटीच्या अंतरावर कोणत्या संस्था आहेत, प्रत्येकीत काय शिकवतात, अट काय, फी किती, सवलत कोणती, अर्ज कधी, कागद कोणते, आणि तिथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे काम करतात. एवढी यादी एका जिल्ह्याचं शिक्षण खातं महिन्याभरात करू शकतं. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही, वक्तृत्व लागत नाही, बोटांचे ठसे तर नाहीच नाही. लागते ती कारकुनाची चिकाटी आणि आपल्या पोरांची लाज राखायची इच्छा.

हे काम होत नाही, कारण त्यात टाळ्या नाहीत. आवडीचं भाषण एकदा पाठ केलं की वीस वर्षं चालतं. तारखांची यादी दरवर्षी नव्यानं करावी लागते. आवडीच्या भाषणात मूल हरलं तर दोष मुलाचा: त्यानं स्वतःला ओळखलं नाही. यादी न दिल्यामुळे मूल हरलं तर दोष आपला. आपण सगळ्यांनी मिळून पहिला पर्याय निवडलाय आणि त्याला मार्गदर्शन असं नाव दिलंय.

पंधरा वर्षांच्या मुलानं स्वतःला ओळखायची घाई करू नये. त्याला त्यासाठी सगळं आयुष्य पडलेलं आहे, आणि व्यासपीठावरच्यांपैकी तरी कितीजणांनी स्वतःला ओळखलंय? त्याच्यासाठी उघड्या असलेल्या दारांची नावं, त्यांचे पत्ते आणि ती बंद व्हायच्या तारखा वेळेवर त्याच्या हातात ठेवणं हे मोठ्यांचं कर्तव्य आहे. ते पार पाडा. मग त्याला आवडीबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोला. आणि ते पार पाडणार नसाल, तर त्याच्या मनात गोंधळ आहे असं सांगत फिरू नका. गोंधळ तुमच्या कामात आहे.